रात्रीची लाईट, मोटर आणि माइल्स: खान्देशात जॅझ ऐकणारं कोणी आहे का?

केळीतला माणूस | रविवार, रात्री १:२०

रामराम मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

यावलकडे आमची केळी आहे. आमच्या फीडरला एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात बोअर चालू करायची, ड्रिपचे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि पहाटेपर्यंत शेडमध्ये बाजेवर पडून राहायचं. ऑटो स्टार्टर आहे, पण चार वर्षांपूर्वी त्यानेच दगा दिला, मोटर जळाली. तेव्हापासून मी स्वतः बसतो. अशाच एका रात्री पुण्याच्या मावसभावाने लिंक पाठवली, खाली लिहिलं होतं, 'झोप येत नसेल तर हे ऐक.' अमेरिकन ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा जॅझ अल्बम, 'काइंड ऑफ ब्लू'. पहिल्या रात्री मी खरोखरच झोपलो. दुसऱ्या रात्री नाही.

तेव्हापासून जे सापडेल ते ऐकतोय. डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आऊट' आवडला. चेट बेकर घरात चालतो, बायको म्हणते, "हा माणूस गातो की कुणाला उठवायचं नाही म्हणून हळू बोलतो?" पण सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनचा 'द शेप ऑफ जॅझ टु कम' तीनदा लावला आणि तीनदा बंद केला. आमचा गडी बाजूला होता, तो म्हणाला, "हाऊ कसाना गोंधय शे भो?" मला उत्तर देता आलं नाही.

तर विचारायचं असं: जॅझमध्ये नक्की ऐकायचं काय? गाणं सुरू होतं, चाल कळते, मग एकेक जण सुटतो आणि मी हरवतो. आपण कुठे आहोत हे त्या लोकांना कसं कळतं? आणि तुम्ही लोक काय ऐकता, तेही सांगा.

एक अडचण आहे. मी एकाच कानात इयरफोन घालतो. दुसरा कान उघडा ठेवावा लागतो, आमच्याकडे बिबट्या फिरतो.

शेवभाजी_जास्त_तर्री | रात्री १:३४

बिबट्याला पण ऐकवा. पळून जाईल.

भुसावळ_फलाट_३ | सकाळी ६:१०

आपल्या भागातून असा धागा निघेल असं वाटलं नव्हतं. माझं वय ७४. वडील रेल्वेत फायरमन. आमच्या लहानपणी भुसावळात अँग्लो-इंडियन कुटुंबं भरपूर होती. नाताळच्या आठवड्यात रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाच असायचा. आम्हा पोरांना आत प्रवेश नाही. मग आम्ही मागच्या खिडकीखाली कोळशाच्या ढिगावर उभे राहायचो. मला दिसायची ती फक्त ट्रॉम्बोनची पितळी नळी, पुढे-मागे, पुढे-मागे. गाण्यांची नावं कळायला पुढची वीस वर्षं गेली.

त्यामुळे माझा जॅझ नाचाचा. स्विंग. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी. भाऊ, तुम्ही थेट १९५९ च्या अल्बमांपासून सुरू केलंत म्हणून हरवता. हे संगीत आधी पायांसाठी होतं, नंतर डोक्यात गेलं. आधी 'एला अँड लुई' (१९५६) लावा. एला फिट्झगेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग, मागे ऑस्कर पीटरसनची मंडळी. एकीचा आवाज धुतलेल्या काचेसारखा, दुसऱ्याचा खडीवरून चाललेल्या मालगाडीसारखा. आर्मस्ट्राँग ट्रम्पेट उचलतो तेव्हा तो गातोय की वाजवतोय यात फरक राहत नाही.

एलिंग्टन १९६३ साली भारतात येऊन गेला. त्या दौऱ्यावरून पुढे 'फार ईस्ट सूट' झाला. त्यात 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' म्हणून एक तुकडा आहे. दिल्लीच्या हॉटेलच्या खिडकीत एक साळुंकी ओरडायची, ती एलिंग्टनचा जोडीदार बिली स्ट्रेहॉर्न याने उचलली आणि क्लॅरिनेटला दिली. ती ऐका. साळुंकी आपल्याकडेही ओरडते, आपण तिला हाकलतो.

अमळनेरचा क्लॅरिनेट | सकाळी ९:४५

काकांना नमस्कार. माझ्या घरात तीन पिढ्या बँड. आजोबा कॉर्नेट, वडील क्लॅरिनेट, मी पण क्लॅरिनेट. आता लग्नसराईत डीजे, म्हणून मी दुकान चालवतो. मात्र धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला वरातीत मिळालं आहे.

वरात एखाद्या घरासमोर अडकते. नवरदेवाचे मित्र नाचायला लागतात, नोटा ओवाळल्या जातात. गाणं तर चार मिनिटांचं. मग मास्तर काय करतो? अंतरा धरून ठेवतो आणि त्यावर मनाने वाजवत सुटतो. बाकीचे खाली तोच ठेका, तेच वळण धरून असतात. मास्तरने बोट वर केलं की सगळे मुखड्यावर. जॅझमध्ये हेच. मूळ चालीला ते 'हेड' म्हणतात. परत चालीवर यायचं असलं की वाजवणारा डोक्यावर हात ठेवतो. मी हे पहिल्यांदा एका व्हिडिओत पाहिलं तेव्हा हसत सुटलो, वडिलांना बोलावून दाखवलं.

आता 'काइंड ऑफ ब्लू'चं पहिलं, 'सो व्हॉट'. सुरुवातीला बास, म्हणजे ते उभं, खर्जातलं तंतुवाद्य, प्रश्न विचारतो, बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. ही चाल ३२ बारची, एका बारला चार मात्रा, म्हणजे एक फेरी १२८ मात्रांची. आपल्या भाषेत तीनतालाची आठ आवर्तनं. पहिली दोन आवर्तनं एका जागी, पुढची दोन तिथेच, मग दोन आवर्तनं सगळं अर्धा स्वर वर सरकतं, शेवटची दोन पुन्हा खाली. बस्स. पूर्ण गाणंभर हीच फेरी फिरते. माइल्स दोन फेऱ्या घेतो, मग दोन सॅक्सोफोनवाले, कोल्ट्रेन दोन, कॅननबॉल ॲडर्ली दोन, बिल एव्हान्स पियानोवर एक. मोजत बसा, हरवणार नाही.

आणि स्वर कोणते माहितीये? पांढरी दोनचा (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी) सा धरला तर कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. काफी थाट. म्हणून तर आपल्या कानाला परकं वाटत नाही.

फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. बास ऐकूच येत नाही, आणि बास गेला की घराचा पायाच गेला. पॉल चेंबर्सचं बोट कुठे पडतंय तेवढं धरलं तरी वाट सापडते. शिवाय त्या रेकॉर्डिंगमध्ये कोल्ट्रेन एका कानाला आहे, ॲडर्ली दुसऱ्या कानाला. तुम्ही एकच कान लावताय म्हणजे एक जण तुम्हाला नेहमी शेजारच्या शेतातून ऐकू येत असेल. सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' म्हणून बटण असतं, ते चालू करा, दोन्ही बाजू एकाच कानात येतील.

केळीतला माणूस | सकाळी १०:०२

अरे देवा! तीन वर्षं मला वाटत होतं की एक सॅक्सोफोनवाला लांब उभा राहून वाजवतो.

पारोळ्याचा पंटर | सकाळी ११:३०

सगळं ठीक आहे, पण हे थोडं 'आम्ही वेगळे' दाखवण्यासाठी नाही का चाललंय? खान्देशात अहिराणी गाण्यांवर लाखो लोक नाचतात. आपलं सोडून काळ्या लोकांचं शंभर वर्षांपूर्वीचं संगीत कशाला?

शेवभाजी_जास्त_तर्री | सकाळी ११:४१

पंटर भाऊ, मिरची पण पोर्तुगीजांनी आणली. उद्यापासून शेवभाजी सोडता का?

नंदुरबारकरीण | दुपारी ३:१५

पंटर भाऊंचा प्रश्न मला उडवून लावावासा वाटत नाही. मी शिक्षिका आहे. सातपुड्यातल्या शाळांवर बारा वर्षं काढली. काठी गावची होळी पाहिली, तो ढोल कानाने कमी आणि छातीने जास्त ऐकू येतो. कमरेला बांधलेली घुंगरं वेगळ्याच चालीत, ढोल वेगळ्या, आणि नाचणारा दोन्ही सांभाळतो. त्यानंतर कित्येक महिन्यांनी कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' ऐकला आणि एल्व्हिन जोन्सच्या ड्रमवर मी थांबले. हा माणूस एकाच वेळी तीन चाली चालतो. जे मी होळीत पाहिलं होतं ते मला न्यूयॉर्कच्या लोकांनी कळवलं. मला तरी 'आपलं सोडून' असं काही वाटलं नाही.

पण क्लॅरिनेट दादा, तुमच्याशी एक भांडण आहे. काफी थाट, तीनताल, ही शिडी चढायला ठीक, पण वर गेल्यावर तीच आड येते. आपल्या रागात सा हलत नाही. तंबोरा छेडला की तो जमीन झाला, मग वर कितीही फिरा. जॅझमध्ये बहुतेक वेळा जमीनच हलते. दर दोन-चार मात्रांनी खालची सुरावट बदलते आणि वाजवणाऱ्याला चालत्या गाडीतून चालत्या गाडीत उडी मारावी लागते. राग शोधत बसलं की ही उडीच ऐकू येत नाही. कोल्ट्रेनचा 'जायंट स्टेप्स' घ्या. तीन वेगळे सा आणि प्रचंड वेग. त्यात बिचारा टॉमी फ्लॅनगन पियानोवर कसा अडखळतो तेही रेकॉर्ड झालंय. मला तो अडखळणारा भागच जास्त आवडतो.

'सो व्हॉट'मध्ये जमीन क्वचित हलते, म्हणून ते आपल्याला जवळचं. माइल्सने मुद्दाम तसं केलं होतं, त्या सततच्या उड्यांचा कंटाळा येऊन.

माझी यादी, जशी आठवेल तशी. 'वॉल्ट्झ फॉर डेबी': बिल एव्हान्स, २५ जून १९६१, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. मागे पेले वाजतात, कोणीतरी हसतं, लोक चक्क गप्पा मारतायत. आणि समोर स्कॉट लाफारो बासवर असं काही वाजवतोय की बास मागे उभा राहण्याचं वाद्य आहे हे विसरायला होतं. त्यानंतर अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला, वय २५. मला ते पेल्यांचे आवाज सहन होत नाहीत आणि त्यांच्याशिवाय ते ऐकवतही नाही. बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट' (१९३९), झाडाला लटकवून मारलेल्या काळ्या माणसांचं गाणं, पण स्वयंपाक करताना नको, हातातलं काम सुटतं. ॲलिस कोल्ट्रेनचा 'जर्नी इन सच्चिदानंद' (१९७१): त्यात तंबोरा आहे, हार्प आहे, फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन आहे. केळीतल्या दादांना रात्री हा चालेल.

अमळनेरचा क्लॅरिनेट | दुपारी ४:००

ताई, मान्य. अर्धं मान्य. शिडी काढून घेतली तर खालचे लोक वर येणार कसे? पण 'चालत्या गाडीतून चालत्या गाडीत' हे मी आता सगळीकडे वापरणार, सांगून ठेवतो.

उड्या शिकायच्या असतील तर आधी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी दुःखाची गाणी. त्याच अल्बममध्ये 'फ्रेडी फ्रीलोडर' आहे, बारा बारची फेरी, म्हणजे तीनतालाची तीनच आवर्तनं. जमीन हलते, पण ठरलेल्या जागी, पाटाच्या पाण्यासारखी. तिथे पियानो बिल एव्हान्सचा नाही, विंटन केलीचा आहे. फरक ऐका: एव्हान्स विचार करत येतो, केली हसत येतो.

आणि ड्रमवाल्या आर्ट ब्लेकीचा 'मोनिन' (१९५८). हार्ड बॉप म्हणतात त्याला, म्हणजे बीबॉप नावाच्या वेगवान जॅझमध्ये चर्चचं गाणं आणि ब्लूज परत आणून मिसळलेलं. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे 'हो रे बाबा' म्हणतात. कीर्तनात झीलकरी नसतात का, तसंच. वडिलांना ऐकवलं, ते म्हणाले, "हे तर आपलंच हाय, फक्त टाळ कुठं गेले?"

ठाण्यातला_धुळेकर | रात्री ८:५०

मस्त धागा. वाचनखूण साठवली. मुंबईची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

पंटर भाऊंना सांगा, हे संगीत आपल्या घरात कधीच आलंय, मागच्या दाराने. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन काळे वादक नोकरीला होते. टेडी वेदरफर्ड त्यातला मोठा, पियानोवाला. तो १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी शिकून घेतलं, आणि हीच पोरं पोटासाठी सिनेमाच्या स्टुडिओत गेली. चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवाला, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, तो आपल्या सी. रामचंद्रांसोबत काम करायचा. 'अलबेला' (१९५१) मधला नाच आठवतो ना? पुणतांब्याचा मराठी माणूस, गोव्याचा ट्रम्पेट, न्यू ऑर्लिन्सचा ठेका. आणि मग तीच गाणी अमळनेरच्या बँडने खान्देशभर वाजवली. क्लॅरिनेट भाऊ, तुमचे आजोबा जॅझच वाजवत होते, पावती फक्त सिनेमाच्या नावाने फाडली होती.

सरळ सुरुवात करायची तर शंकर-जयकिशनचा 'रागा जॅझ स्टाइल' (१९६८). अकरा राग, रईस खानची सतार, मनोहारी सिंगचा सॅक्सोफोन. जाणकार नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. तोडी ऐका आणि मग बोला.

'शक्ती'चा पहिला अल्बम १९७६ चा. जॉन मॅक्लॉफलिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामचा घटम, झाकीर हुसेनचा तबला. झाकीरभाई गेले (१५ डिसेंबर २०२४) त्या रात्री मी 'शक्ती' लावला नाही, तो वेग झेपला नसता. 'गुड होप' लावला, २०१९ चा, डेव्ह हॉलंडचा बास आणि ख्रिस पॉटरचा सॅक्सोफोन. तिघंच. तबला तिथे किती कमी बोलतो!

१९७८ ला मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. हाच तो माणूस जो नावारूपाला आल्यावर १९५९ मध्ये मैफली बंद करून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटा रियाज करत बसला, दोनेक वर्षं. कारण घरात वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास. परत आला तेव्हा अल्बमचं नाव 'द ब्रिज'.

पारोळ्याचा पंटर | रात्री ९:२०

'मोनिन' ऐकलं. दोनदा. मागे घेतो असं म्हणत नाही, पण वरातीत हे वाजलं तर मी नाचेन.

भुसावळ_फलाट_३ | रात्री ९:३५

ब्रुबेकबद्दल राहिलं. १९५८ साली त्यांची चौकडी अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर भारतातही येऊन गेली. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर त्यांनी नऊ मात्रांचा एक ठेका ऐकला, दोन-दोन-दोन-तीन. तोच पुढे 'ब्लू राँडो आ ला तुर्क'. आणि 'टेक फाइव्ह' हे ब्रुबेकचं नाही, सॅक्सोफोनवाल्या पॉल डेसमंडचं. पाच मात्रा, तीन अधिक दोन.

केळीतला माणूस | सोमवार, रात्री १:५०

मंडळी, लाईट आहे, मोटर चालू आहे, मी बाजेवर आहे. मोनो बटण दाबलं. 'सो व्हॉट' आत्ता चौथ्यांदा लावलं, बोटांवर मोजत.

एक गोष्ट सांगतो, हसू नका. माझा एक कान उघडा असतो. त्या कानात स्टार्टरच्या पेटीची गुणगुण सतत येते. इतकी वर्षं ती मला ऐकू येणं बंदच झालं होतं. आज मोजताना लक्षात आलं की ही गुणगुण गाण्याशी जुळते. नंदुरबारच्या ताई म्हणाल्या तो तंबोरा. मग मध्येच ती खुपायला लागते, दातात खडा आल्यासारखी, आणि थोड्या वेळाने पुन्हा बसते. मला वाटलं व्होल्टेज हललं. उठून मीटर पाहिला. काटा जागच्या जागी.

अमळनेरचा क्लॅरिनेट | रात्री २:०५

भाऊ!!! मी झोपलो होतो, नोटिफिकेशनने उठलो, आणि आता झोप येणार नाही.

आपली वीज ५० हर्ट्‌झची. पेटीची गुणगुण त्याच्या दुप्पट, १०० वर. म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. 'सो व्हॉट'चा सा पांढरी दोन. पांढरी पाच म्हणजे त्याचा मध्यम. तुमचा स्टार्टर मध्यमाला लावलेला तंबोरा आहे. आणि मधली दोन आवर्तनं सगळं अर्धा स्वर वर सरकतं, तिथे पांढरी पाच त्या स्वरांत बसतच नाही. म्हणून खुपतं. मोजू नका. मोटर खुपली की समजायचं, जमीन सरकली.

ताई, जिंकलात तुम्ही.

नंदुरबारकरीण | रात्री २:११

मी पण जागीच. हे वाचून मुलाला उठवावंसं वाटतंय.

ठाण्यातला_धुळेकर | रात्री २:३०

एक भर घालू? 'काइंड ऑफ ब्लू'च्या जुन्या तबकडीची पहिली बाजू किंचित वेगात वाजायची, रेकॉर्डिंगच्या वेळी टेपचं यंत्र हळू चाललं होतं म्हणून. त्यामुळे सूर थोडा चढा. १९९२ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. तुमचा स्टार्टरही किंचित चढाच आहे. तेव्हा मोटरीला जुनी तबकडी जास्त जुळेल.

केळीतला माणूस | रात्री ३:०५

जुनी तबकडी कुठून आणू, इथे सुई पण केळीच्या पानात हरवेल.

पण खरं निघालं. माइल्स: बसली, बसली, खुपली, बसली. दुसरी फेरी, तेच. कोल्ट्रेन, तेच. पहिल्यांदाच शेवटपर्यंत हरवलो नाही. एव्हान्सच्या फेरीत तर मी खुपण्याची वाट पाहत होतो.

मग धीर आला म्हणून ऑर्नेट लावला, 'लोनली वूमन'. गड्यालाही उठवून दुसरा इयरफोन दिला. म्हटलं बिबट्याचं बघू. खाली झांज पळतेय आणि वर दोघं जण अगदी हळू, रडल्यासारखं वाजवतात. मी मोटर कुठे खुपते याची वाट पाहिली. खुपतच नाही. म्हणजे खुपते, पण ठरलेल्या जागी नाही. यात पियानो का ऐकू येत नाही?

अमळनेरचा क्लॅरिनेट | रात्री ३:०९

पियानो नाहीच आहे! गिटार पण नाही. खालची सुरावट सांगणारं कोणीच ठेवलेलं नाही. फक्त चार्ली हेडनचा बास. जमीन कुठली ते वाजवणारे तिथल्या तिथे ठरवतात. फेऱ्या मोजू नका, बास धरा. गडी काय म्हणाला?

केळीतला माणूस | रात्री ३:२२

म्हणाला, "माले काहीच समजनं नही, पन बंद करू नको."

थांबा, लाईट गेली. व्हॉल्व्ह बघून येतो.